केननं न घेतलेलं वाण

१७ मे, रविवार

आज धोंड्याचा महिना लागला. सकाळीच सुनंदाला सांगितलं, अनारशांचे तांदूळ भिजत घालते. म्हणाली, "आई, ह्या वेळी राहू दे ना." का राहू दे, ते सांगेना. लेक माझी आहे. तिला खोटं बोलता येत नाही, फक्त गप्प बसता येतं.

घातलेच भिजत. केतकीच्या लग्नानंतरचा पहिला धोंडा. नातजावयाला वाण नको? तेहतीस अनारसे, वर दिवा. जावई म्हणजे विष्णू. आमचा विष्णू जपानी रक्ताचा, अमेरिकेत जन्मलेला, आणि मोटारींचे ब्रेक बनवतो. चालायचंच. देवानं दहा अवतार घेतले, हा अकरावा.

मी बोलते, फोन लिहितो. तारीखही तोच घालतो. केतकीनं शिकवलं, "आजी, हे बटण दाब आणि बोलत राहा." बोलत राहायला मला शिकवावं लागत नाही. काय लिहितो ते मला वाचता येत नाही. माझ्या नावावर शिव्या लिहून ठेवल्या तरी कळायचं नाही.

१८ मे, सोमवार

पाणी बदललं.

सुनंदा का नको म्हणते ते मला ठाऊक आहे. त्यांना वाटतं म्हातारीला ठाऊक नाही. सुनंदा फोनवर बाकी सगळं मोठ्यानं बोलते आणि 'डिव्होर्स' तेवढं हळू म्हणते. मग तेवढंच ऐकू येतं.

केतकी आणि केन वेगळे होणार. केनला नोव्हायला नोकरी लागलीय, लांब तिकडे बर्फात. केतकी सांता क्लारा सोडणार नाही. पण हे निमित्त. मला पाडव्यालाच कळलं होतं. जेवताना तिनं त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "थँक्यू." ती म्हणाली, "वेलकम." भांडणारी माणसं टिकतात. मी आणि हे, आम्ही जन्मभर भांडलो. हे गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा चहात साखर कमी म्हणून तोंड वाकडं केलं होतं. एकदा थँक्यू म्हटलं नाही.

१९ मे

पाणी बदललं. घरभर आंबूस वास. जावईबापूंनी खिडक्या उघडल्या, सुनंदानं मेणबत्ती लावली, लिंबाच्या वासाची. आता आंबलेल्या लिंबाचा वास येतोय.

जावईबापू म्हणजे सुनंदाचा नवरा. दर धोंड्याला त्यांना वाण मिळतं. खातात, मग बोट टोचून साखर बघतात, मग माझ्याकडे बघतात.

२० मे, बुधवार

तांदूळ उपसून फडक्यावर पसरले. दमट असतानाच दळले. गूळ घालून गोळा डब्यात ठेवला.

सुनंदा शेवटी बोलली. अर्धंच. म्हणे पुढच्या आठवड्यात ते दोघं जपानला जाणार. केनच्या आजीचं वर्षश्राद्ध आहे. समुद्राकाठचं गाव, टोकियोहून गाडीनं जायचं, एका दिवसात जाऊन यायचं. तिथे केनची आत्या असते. तिला काही माहीत नाही, म्हणून जोडीनं जायचं. आणि आल्यावर... इथे ती थांबली. मी म्हटलं, "आल्यावर काय?" म्हणाली, "आल्यावर बघू." मी म्हटलं, "बघा, बघा."

म्हणजे जोडीनं जायचं हे शेवटचं. श्राद्धाला.

२१ मे, गुरुवार

केन आला होता. दर गुरुवारी येतो. सुनंदा तिच्या योगाला जाते, जावईबापू आपल्या खोलीत, आणि आम्ही पत्ते खेळतो. त्याच्या आजीचा जोड आहे, छोटेसे जाड पत्ते, त्यावर फुलं. एका महिन्याचं एक फूल. आकडा नाही, अक्षर नाही. सगळ्या अमेरिकेत मला वाचता येणारी ही एवढीच वस्तू. तो इंग्रजीत बडबडतो, मी मराठीत. हरला की "अय्यो आजी" म्हणतो. कोणी शिकवलं कोण जाणे, आमच्यात कोणी अय्यो म्हणत नाही.

आज मीच हरले. लक्ष नव्हतं. त्याचंही नव्हतं, तरी जिंकला. त्याचा चेहरा असा, की जिंकल्याबद्दल माफी मागतोय.

हा गेला की गुरुवार गेला. केतकीला दुसरा मिळेल. मिळो. मला कुठून मिळायचा?

२३ मे

डबा उघडून पाहिला. गोळा फुगलाय छान. एक युक्ती सुचलीय. कोणाला सांगत नाही. तुलाही नाही रे फोनोबा.

२४ मे, रविवार

काय बोलू.

सकाळी अनारसे तळले. पहिले दोन हसले, म्हणजे तुपात फुटून त्यांचं जाळं झालं. सुनंदाच्या डोळ्यांत लिहिलेलं, "मी आधीच म्हटलं होतं ना." चिमूटभर तांदळाची पिठी घातली, मग नीट आले. खसखस वर, जाळी खाली, सोनेरी.

अकराला दोघं आली. वेगवेगळ्या गाड्यांतून. केतकी म्हणाली, "मला नंतर काम आहे आजी." मी विचारलंच नव्हतं.

पाट मांडला. केन टाचांवर बसतो, त्यांच्या पद्धतीनं, पाठ ताठ. केतकी शेजारी. मी विधवा, ओवाळायचं सुनंदानं. तिनं दिवा हातात घेतला आणि मी माझी युक्ती काढली.

म्हटलं, "केनला सांग, हे वाण साधं नसतं. हे घेतलं की पुढचा धोंडा येईपर्यंत नवराबायकोनं काडी मोडायची नसते."

असा काही नियम नाही. मी रचला. म्हटलं, तीन वर्षं हातात येतील. तीन वर्षांत माणसं परत भांडायला लागतात.

सुनंदा म्हणाली, "आई, असं काही नसतं हं." मी म्हटलं, "तुला माहीत नाही, आमच्या हर्णैकडे असतं."

केननं विचारलं, काय म्हणतात आजी? केतकी म्हणाली, नथिंग. त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं. पाटाकडे बघत, हळूहळू. तेव्हाच मला कळलं की आता घरात सगळ्यांना सगळं माहीत झालंय.

केन पाटावरून उठला. रागानं नाही. म्हणाला, "देन आय कान्ट, आजी." पुढचं केतकीनं सांगितलं, की तो म्हणतोय, पाळणार नसेन तर घेणं बरोबर नाही. मग त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. दोन्ही हातांनी. सुनंदा दिवा धरून उभी.

आमच्यातला कोणी असता तर तेहतीसच्या तेहतीस घेतले असते, चार तिथेच खाल्ले असते, आणि पुढच्या महिन्यात काडी मोडून पुन्हा डबा परत करायला आला असता. हा एक सज्जन भेटला.

२५ मे

अनारसे डब्यात. कोणी हात लावला नाही. जावईबापू दोनदा स्वयंपाकघरात येऊन गेले. दोनदा पाणी पिऊन गेले.

सुनंदा बोलत नाही. मीही नाही.

२६ मे

सुनंदा बोलली. "आई, का केलंस?" मी म्हटलं, "तुम्ही काय करत होतात? मेणबत्त्या लावत होतात." रडली. मग भाजी चिरायला बसलो दोघी.

२७ मे, बुधवार

केतकी आली. उद्या निघायचं. म्हणाली, "आजी, त्या आत्याकडे हातात काहीतरी घरचं न्यावं लागतं, रिकाम्या हातानं जात नाहीत." आणि अनारशांचा डबाच उचलला. मी म्हटलं, "अगं, ते वाण आहे." म्हणाली, "कोणी घेतलं नाही ना? मग गोड पदार्थ आहे."

पोटात असलेलं तोंडावर फेकते, माझ्यावर गेलीय.

जाताना मी विचारलं, "काय बिघडलं गं?" म्हणाली, "काहीच नाही आजी. तेच तर."

३० मे, शनिवार

संध्याकाळी केतकीचा व्हिडिओ फोन आला. तिकडे उद्याची दुपार झाली होती. आमच्याकडे शनिवार संपलाही नाही आणि ते लोक रविवारचं जेवून बसलेले. पुढचं सगळं आधी त्यांना कळतं.

गाव दाखवलं केतकीनं. मी म्हटलं, हे तर माझं माहेर! धक्का, होड्या, जाळी. जाळीच्या फळ्यांवर मासळी चिरून, उघडून वाळत घातलेली, ओळीनं, अगदी न्हाणीतल्या मुलांसारखी उताणी. वास सोडून सगळं आलं फोनमध्ये. फरक एवढाच की कोणी ओरडत नव्हतं. हर्णैला लिलावाच्या वेळी कान किटतात. हे लोक मासळीसुद्धा कुजबुजत विकतात.

पाऊस भुरभुरत होता. छत्री एकच. केननं ती तिच्यावर धरलेली, त्याचा एक खांदा भिजलेला. मी सुनंदाला कोपर मारलं. ती म्हणाली, "आई, तो कोणावरही धरेल." ते खरं आहे. तरी मी बघत राहिले.

मग दफनाची जागा. डोंगराच्या उतारावर, तिथून समुद्र दिसतो. एका कुटुंबाचा एक दगड. आत्या लहानशी, काळ्या कपड्यांत, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान, पण पाठ माझ्यासारखीच. मिचिको नाव. लाकडी बादलीतून पळीनं पाणी घालून तिनं दगड धुतला. मग पळी केतकीला दिली. केतकीनंही धुतला, नीट, कोपऱ्यांतून. मग आत्यानं त्या दगडाकडे बोट केलं, मग केनकडे, मग केतकीकडे, आणि पुन्हा दगडाकडे. आणि हसली.

केननं भाषांतर केलं नाही. लागतंय कशाला? बोट केलं की जागा कळते. तुमचीही इथेच, दोघांची, म्हणाली ती. केतकी म्हणाली, "थँक्यू."

मग आत्याचं घर. देव्हाऱ्यासारखं कपाट, आत केनच्या आजीचा फोटो. गोड चेहरा, एक भुवई वर. पत्त्यांत लबाडी करत असणार. आणि त्या फोटोपुढे माझा डबा. झाकण काढून, दिवा लावून, उदबत्ती लावून. आत्यानं लहानशी घंटा वाजवली.

मी ओरडले, "अगं केतकी, ते जावयाचं वाण! मेलेल्या बाईपुढे ठेवलं!"

"आजी, श्श."

सुनंदा हसायला लागली. हसली आणि उठून आत गेली.

आत्या माझ्याशी बोलली. ती जपानीत केनला, केन इंग्रजीत केतकीला, केतकी मराठीत मला. एक वाक्य तीन गाड्या बदलून यायचं. म्हणाली, तुमची नात फार चांगली आहे, आमच्या केनचं नशीब. मी म्हटलं, तुमचा केनही सोन्यासारखा आहे, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. हे परत जाताना केतकीपाशी अडकलं. तिनं केनला काय सांगितलं मला ऐकू आलं नाही. तो आत्याकडे वळून काहीतरी दोन शब्द बोलला. मी एवढं लांब बोलले होते आणि पोचलं एवढंसं.

४ जून, गुरुवार

काल रात्री दोघं परत आली. आज केतकी दुपारी आली, एकटी. हातात पुडकं. आत्यानं दिलेलं. एक सुती टॉवेल आणि सुकी मासळी, आणि मला वाकून नमस्कार सांगितलाय. दिलं की लगेच परत द्यायचं, ही त्यांची रीत. बरी आहे. उपकाराचं ओझं ठेवत नाहीत कोणी कोणावर. आमच्यात पिढ्या जातात.

मासळी आली ती धोंड्यात! हा महिना मी मासळी खात नाही. पुडकं हुंगून ठेवून दिलं. हुंगण्याला बंदी नाही.

मग मी विचारलं, "कसा गेला तो दिवस?" फोन बंद झाल्यावरचा म्हणजे.

म्हणाली, परतीची गाडी चुकली त्यांची. पुढचीला बराच वेळ होता. धक्क्यावरच्या भिंतीवर बसले, स्टेशनवरून भाताचे गोळे आणले होते. एक घार आली आणि केनच्या हातातला गोळा घेऊन गेली. तो नुसता हात तसाच धरून बसला. केतकीला इतकं हसू आलं की ठसका लागला. तोही हसायला लागला. कितीतरी दिवसांनी, म्हणाली. मग उगाच जुन्या गोष्टी निघाल्या. त्याचा पहिला फ्लॅट, तिनं जाळलेला भात.

मी म्हटलं, "मग?"

"मग गाडी आली."

"आणि?"

"आजी, वर्षभरातला सगळ्यात चांगला दिवस होता तो. म्हणूनच ठरलं. दोघांनाही माहीत होतं ना की शेवटचा आहे, म्हणून तसा गेला. रोज तसा नसता गेला."

मला पटलं नाही. पण वाईट दिवसावर माझ्याकडे औषधं आहेत. चांगल्या दिवसावर नाहीत.

६ जून

सह्या झाल्या म्हणे. कॉम्प्युटरवरच. मी विचारलं, काडी कुठे मोडतात कॉम्प्युटरवर? सुनंदा हसली नाही.

७ जून

काही नाही.

११ जून, गुरुवार

केन आला. येणार नाही वाटलं होतं. तीच वेळ, तेच दार वाजवणं. सुनंदा योगाला गेली नाही, पण खोलीत गेली.

खेळलो. मी लबाडी केली, त्यानं पाहिली, बोलला नाही. मी म्हटलं, "बोल की रे मेल्या!" त्याला कळलं नसावं, पण हसला. खेळ संपल्यावर पत्ते गोळा केले, डबीत घातले, आणि डबी माझ्यापुढे सरकवली. "फॉर यू, आजी."

मी परत सरकवली. म्हटलं, "एकटी कोणाशी खेळू? नोव्हायला घेऊन जा." तो पुन्हा सरकवायला गेला. मी त्याच्या हातावर चापट मारली. हे भाषांतराशिवाय कळलं.

सांगायचं होतं त्याला, की तो नियम खोटा होता. मीच रचलेला. वाण घेतलं असतंस तरी काही पाळावं लागलं नसतं. सुनंदाला हाक मारून सांगायला लावणार होते. मग वाटलं, कशाला? त्यानं ह्या घरात एकच गोष्ट खरी धरली आणि ती माझी थाप. असू दे.

१२ जून

सुनंदा म्हणते, "आई, तू उगाच जीव लावतेस." उगाचच लावतात जीव. कारणानं लावतात त्याला नोकरी म्हणतात.

१५ जून, सोमवार

धोंडा संपला.

१६ जून

मासळी भाजली. गॅसवर जाळी ठेवली, आणि घरातला तो छताला लावलेला धुराचा भोंगा ओरडायला लागला. जावईबापू खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालत होते. सुनंदा, "आई, शेजारी पोलीस बोलावतील!" मी म्हटलं, "बोलाव, त्यांनाही देते एक तुकडा."

चव चांगली. आमच्या सुकटीहून सौम्य. मीठ कमी. एक संपूर्ण खाल्ली आणि मग आणखी खाववेना. पोट भरलं होतं असं नाही.

केतकी आज इथे राहायला आली. तिचं घर सोडतेय महिनाअखेर. ती लहानपणीच्या खोलीत. तिकडचं बरंचसं सामान कोणी घ्यायचं ते ठरत नाहीये. भांडत नाहीयेत, म्हणून ठरत नाहीये. प्रत्येक जण म्हणतो, तू घे. एक कुकर आठ दिवस तसाच पडलाय म्हणे मधोमध.

मी म्हटलं, कुकर मला आणा.

२० जून, शनिवार

केन गेला. गाडीनंच जातोय नोव्हायपर्यंत, तीन-चार दिवस. मागे सगळं भरलेलं, सायकल वर बांधलेली. दारात आला. सुनंदानं शेंगदाण्याची चटणी दिली, डबा भरून. जावईबापूंनी टायर बघितले, चारही. त्यांना दुसरं काही सुचत नसेल.

केतकी आतच होती. मग आली. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. थोडी लांबली. मग सुटली.

मी त्याच्या तोंडावरून हात फिरवून माझ्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा. दृष्ट काढायची ती रीत. तो दचकला, मग त्यानंही माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायचा प्रयत्न केला. वाजली नाहीत. पुन्हा केला. नाही वाजली.

"आत्याला कोण सांगणार?" मी केतकीला विचारायला लावलं. तो म्हणाला, ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे पितरांचे दिवस असतात, तेव्हा तो जाणार, समोर बसून सांगणार. फोनवर नाही. तोवर कोणी बोलू नका, प्लीज.

बरं म्हटलं. आता माझ्याही तोंडाला कुलूप. ह्या घरानं मला शेवटी तेही शिकवलंच.

२३ जून

केननं फोटो पाठवला म्हणे, रस्त्याचा. सरळ रस्ता, दोन्हीकडे काही नाही. सुनंदा म्हणाली, "पोचेल उद्या." मी फोटो बराच वेळ बघितला. काही नाहीच्यात काय बघायचं असतं, पण बघितला.

२५ जून, गुरुवार

संध्याकाळी खुर्चीत बसले होते. केतकी आली, समोर बसली. म्हणाली, "आजी, मला शिकव ना ते पत्ते." मी म्हटलं, "पत्ते कुठायत?" तिला आठवलं. मग तिनं फोनवर बातम्या लावल्या.

२७ जून, शनिवार

संध्याकाळी चहा झाला आणि माझा फोन वाजला. त्या दिवशी आत्यानं माझा नंबर घेतला होता म्हणे. तिकडे रविवारची सकाळ. तिच्या मागे भिंतीवर कापडं टांगलेली दिसत होती.

मधे कोणी भाषांतराला नाही. सुनंदानं तिचा फोन पुढे धरला. आपण मराठीत बोलायचं, तो जपानीत बोलतो. बाईचा आवाज आहे त्याला, थंडगार, कसल्याही बातमीला तोच.

आधी मासळी कशी होती ते. मी म्हटलं, उत्तम. मग माझी कंबर, तिचे गुडघे. मग ती म्हणाली, ऑगस्टमध्ये दोघं येतील तेव्हा केतकीसाठी सुती किमोनो शिवून ठेवते, उन्हाळ्यात घालतात तो. आमच्या घरच्या सुनेला हवाच. माप हवंय. मानेच्या मागच्या हाडापासून मनगटापर्यंत, आणि उंची.

फोननं हे सगळं त्या थंड आवाजात सांगितलं आणि थांबला.

सुनंदा माझ्याकडे बघतेय. मी काय करू? सांगू नका म्हणून गेलाय. आणि माप द्यायचं म्हणजे ती बाई बसणार रात्रंदिवस टाके घालत, जी सून राहिली नाही तिच्यासाठी. नाही द्यायचं तर का नाही? कुठली थाप मारू? एकदा मारून बघितली आहे.

म्हटलं, "टेप सापडत नाहीये." फोननं तेही सांगितलं. आत्या हसली आणि तिनं आपला पंजा वर करून स्क्रीनला लावला, बोटं ताणून. वीत! ती वितीनंच मोजते. मीही मोजते, मला टेपवरचे आकडे कुठे कळतात. मीही माझा पंजा लावला तिच्यावर. काचेवर काच. माझी वीत तिच्याहून अंगठाभर मोठी. तिनं मान डोलवली, हिशेब केला मनात.

आता मोजायचं कोणाला?

केतकी कधीची दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मी म्हटलं, "तू आत जा, मी सांगते काहीतरी." ती गेली नाही. पुढे आली, माझ्यासमोर पाठ करून बसली आणि उजवा हात बाजूला पसरला. केस मानेवरून बाजूला घेतले.

मोजलं मी. मानेच्या हाडावर अंगठा ठेवला. एक वीत खांद्यापर्यंत. मग कोपरापर्यंत, मग मनगटापर्यंत आणि वर चार बोटं. आत्या प्रत्येक वितीला तिकडे मान डोलवत होती, ओठ हलवत मोजत होती. मग उभं करून उंची. सुनंदा तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून बसलेली. त्या थंड आवाजाला मधे कामच उरलं नव्हतं.

मग आत्या उठली, मागच्या भिंतीवरची दोन कापडं काढून आणली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. एक लाल, पांढऱ्या फुलांचं. एक गडद निळं, त्यावर बारीक लाटा. काहीतरी विचारलं. फोन म्हणाला, कोणतं आवडेल?

मी तोंड उघडलं, म्हणणार होते, तुम्हाला आवडेल ते...

केतकी म्हणाली, "निळं."

मराठीत म्हणाली. फोननं ऐकलं, आणि आम्ही कोणी काही करायच्या आत जपानीत सांगून टाकलं.